छोट्या कॉलेजातली व्याख्यानं, मैफली आणि सांस्कृतिक कार्यक्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन बाजूंनी येतात. काही जणांना कॉलेजच्या फाटकावर कार्यक्रमाचा फलक दिसतो आणि आत गेलेलं चालेल का, ते कळत नाही. काही जणांवर तोच कार्यक्रम पार पाडायची जबाबदारी आलेली असते. दोघांची उत्तरं इथे मुद्दाम एकत्र ठेवली आहेत. श्रोत्याला पडद्यामागचं थोडं ठाऊक असलं आणि आयोजकाला श्रोत्याची अडचण ठाऊक असली, की कार्यक्रम चांगला होतो.

मी या कॉलेजचा विद्यार्थी नाही, पालक नाही, माजी विद्यार्थीही नाही. मी आलो तर चालेल का?

फलकावर 'सर्वांसाठी खुला' असं लिहिलं असेल तर निःसंकोच या. कुणाची ओळख सांगावी लागत नाही. फाटकावर नाव लिहून घेतलं तर ते सुरक्षेसाठी असतं. तुमची पात्रता तपासायला नसतं.

खुलं व्याख्यान म्हणजे बाहेरच्यांवर केलेली मेहेरबानी, असं काहींना वाटतं. ते खरं नाही. पॅरिसचं कॉलेज द फ्रान्स १५३० मध्ये सुरू झालं. तिथली व्याख्यानं आजही कुणालाही नोंदणीशिवाय, फी न भरता ऐकता येतात आणि ती संस्था पदवीच देत नाही. लंडनचं ग्रेशम कॉलेज १५९७ पासून शहरातल्या लोकांसाठी मोफत व्याख्यानं देत आलं आहे. तिथे प्रवेश घेतलेला असा विद्यार्थीच नसतो. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तीही सर्वसामान्य श्रोत्यांसाठीच. ज्ञान चार भिंतींच्या बाहेर जावं हा विचार जुना आहे, आणि सभागृहात शेवटच्या रांगेत येऊन बसणारा अनोळखी माणूस त्या विचाराचाच भाग आहे.

छोट्या कॉलेजात असं काय महत्त्वाचं घडणार? मोठे वक्ते मोठ्या विद्यापीठांतच जातात ना?

दोन उदाहरणं देतो.

फेब्रुवारी १९४३. युद्ध चालू होतं. डब्लिनमध्ये अवघ्या तीन वर्षांपूर्वी स्थापन झालेली एक छोटी संशोधन संस्था होती. जाहीर व्याख्यानं देणं हे तिच्या नियमांतच होतं. त्या नियमाप्रमाणे संस्थेतल्या एर्विन श्रोडिंगर या भौतिकशास्त्रज्ञानं तिथल्या ट्रिनिटी कॉलेजात तीन व्याख्यानं दिली. विषय होता, जीवन म्हणजे काय. समोर साधारण चारशे श्रोते होते. विषय अवघड आहे, असं वक्त्यानं सुरुवातीलाच बजावलं होतं, तरी शेवटपर्यंत गर्दी फारशी ओसरली नाही. पुढच्या वर्षी त्या व्याख्यानांचं पुस्तक झालं. डीएनएची रचना उलगडणाऱ्या वॉटसन आणि क्रिक या दोघांनीही त्या पुस्तकाचा आपल्यावर प्रभाव पडल्याचं सांगितलं आहे. सुरुवात मात्र जाहीर व्याख्यानातून झाली होती आणि समोर बसलेले बहुतेक लोक जीवशास्त्रज्ञ नव्हते.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधल्या ब्लॅक माउंटन कॉलेजचं. १९३३ ते १९५७ एवढंच त्याचं आयुष्य. विद्यार्थी बहुतेक वर्षी शंभराहूनही कमी. १९५२ च्या उन्हाळ्यात तिथल्या भोजनगृहात संगीतकार जॉन केज यांनी एक प्रयोग केला. कविता, नृत्य, पियानो, चित्रं, व्याख्यान असं सगळं एकाच वेळी, प्रेक्षकांच्या मधे आणि भोवती. पुढे 'हॅपनिंग' या नावानं ओळखल्या गेलेल्या कलाप्रकाराचा तो पहिला प्रयोग मानला जातो. मर्स कनिंगहॅम यांची नृत्यसंस्थाही १९५३ मध्ये तिथेच उभी राहिली.

प्रत्येक छोट्या कॉलेजात असं घडेल असा माझा दावा नाही. पण छोट्या जागेत परवानग्यांची उतरंड लहान असते, धोका पत्करता येतो आणि वक्ता श्रोत्यांच्या हाताशी असतो. मोठ्या सभागृहाला या तीन गोष्टी सहज मिळत नाहीत.

मला त्या विषयातलं काहीच कळत नाही. तरी यावं का?

या. जाहीर व्याख्यान विषय न शिकलेल्यांसाठीच असतं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून मुलांसाठी नाताळातली व्याख्यानं होतात. मायकेल फॅरेडे यांनी ती मालिका १९ वेळा दिली, आणि एका साध्या मेणबत्तीवरून त्यांनी मुलांना ज्वलनाचं रसायनशास्त्र समजावलं. एवढा मोठा शास्त्रज्ञ मेणबत्तीपासून सुरुवात करतो, तर तुमच्या वक्त्यानंही कळेल असं बोलावं, ही अपेक्षा ठेवायला हरकत नाही. नाही कळलं, तर प्रश्न विचारा.

नोंदणी केली होती, पण आता जमणार नाही. कळवावं लागेल का?

हो, कृपया कळवा. मोफत कार्यक्रमांत नोंदणी करून न येणारे नेहमीच असतात आणि त्यांच्यामुळे दुसऱ्या कुणाला 'जागा भरल्या' असं ऐकावं लागतं. एका ओळीचा निरोप पुरतो.

उशीर झाला तर आत सोडतात का?

व्याख्यानाला मागच्या दारानं गुपचूप येऊन कडेला बसता येतं. मैफलीत मात्र चालू रचना संपेपर्यंत दाराबाहेर थांबावं लागतं आणि ते योग्यच आहे. आलापाच्या पहिल्या काही मिनिटांत गायक आणि श्रोते एकमेकांच्या लयीत येत असतात. तेव्हा वाजलेलं दार सगळ्यांना ऐकू जातं. आयोजकांनी दाराशी एक जाणता माणूस उभा करावा. आत नेमकं कधी सोडायचं हे त्याला कळायला हवं.

व्याख्यान किती वेळाचं असावं?

४० ते ५० मिनिटं आणि त्यानंतर प्रश्नांसाठी अर्धा तास. सावकाश, नीट बोलणारा माणूस मिनिटाला १२० ते १५० शब्द बोलतो. म्हणजे ४० मिनिटांत पाच-सहा हजार शब्द होतात. एका बैठकीत तेवढं पुष्कळ झालं.

वेळ बहुधा वक्ता खात नाही. वेळ जातो तो आधीच्या स्वागतात, प्रास्ताविकात, परिचयात आणि मनोगतात. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या शुक्रवारच्या व्याख्यानांची परंपरा अशी, की ठरलेल्या वेळेला दार उघडतं, वक्ता आत येतो आणि परिचयाशिवाय थेट विषयाला हात घालतो. बरोबर तासाभरानं थांबतो. ही पद्धत सगळीकडे जशीच्या तशी लागू करता येणार नाही, पण वक्त्याचा परिचय दोन मिनिटांत नक्की बसतो. पदव्या आणि पुरस्कारांची यादी छापून खुर्च्यांवर ठेवा. हा माणूस या विषयाकडे का वळला, एवढंच व्यासपीठावरून सांगा. श्रोत्याला ते ऐकायला आवडतं.

मनात प्रश्न असतो, पण हात वर करायचा धीर होत नाही. काय करावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. छोट्या कॉलेजातल्या व्याख्यानाचा अर्धा जीव प्रश्नोत्तरांत असतो. वक्त्याचं भाषण नंतर कुठे वाचायलाही मिळेल. पण तुमच्या शंकेला त्यानं तिथल्या तिथे शोधलेलं उत्तर फक्त त्या खोलीत मिळतं.

ऐकताना प्रश्न कागदावर लिहून ठेवा. विचारताना तो एका वाक्यात विचारा. 'हे मला नीट कळलं नाही, परत सांगाल का?' हासुद्धा पूर्ण प्रश्न आहे. तुम्हाला जे कळलं नाही ते आजूबाजूच्या बऱ्याच जणांनाही कळलेलं नसतं आणि कुणीतरी विचारल्यावर त्यांना बरं वाटतं.

थोडं काम आयोजकांचंही आहे. व्याख्यान संपल्याबरोबर 'कुणाला काही प्रश्न?' असं विचारलं की सभागृह गप्प बसतं, कारण लोक अजून ऐकण्यातच असतात. दोन मिनिटं जाऊ द्यावीत. शेजाऱ्याशी बोला म्हणावं. ज्यांना उभं राहून बोलायचं नाही त्यांच्यासाठी चिठ्ठ्या फिरवाव्यात. पहिला प्रश्न शक्यतो विद्यार्थ्याचा घ्यावा. पहिला प्रश्न ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारला, तर नंतर तरुण मुलांचे हात वर येत नाहीत. आणि कुणी प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचं भाषण सुरू केलं, तर सूत्रसंचालकानं नम्रपणे पण लगेच 'आपला प्रश्न काय आहे?' असं विचारावं. एका माणसाचं मन राखण्यासाठी बाकी सगळ्यांचा वेळ घालवणं बरोबर नाही.

मैफलीत टाळ्या कधी वाजवायच्या?

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात एका रचनेचे तीन-चार भाग असतात आणि सगळे संपल्यावर टाळ्या वाजवायचा रिवाज आहे. छापील कार्यक्रमपत्रिकेत भागांची नावं असतात, ती मोजत राहा. वादकानं हात खाली घेऊन श्रोत्यांकडे पाहिलं, की समजावं. पण हा रिवाज सनातन नाही. मोझार्टनं ३ जुलै १७७८ रोजी पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात आनंदानं सांगितलंय, की त्याच्या सिंफनीच्या पहिल्या भागातली एक जागा ऐकून लोकांनी मधेच टाळ्यांचा गजर केला. त्यामुळे तुमच्याकडून चुकून मधेच टाळी वाजली तर शरमून जाऊ नका.

हिंदुस्थानी संगीतात दाद जागेवरच द्यायची असते. सम सुरेख आली, तान नेटकी उतरली, की तोंडून 'वा' निघतेच आणि गायकाला ती हवी असते. फक्त ती ऐकण्यातून आलेली असावी. कुठल्याही मैफलीत त्रास होतो तो फोनच्या उजेडाचा आणि आपसातल्या कुजबुजीचा. तो टाळा.

मागच्या रांगेत बोलणं घुमतं, शब्द कळत नाहीत. आवाज वाढवून उपयोग होईल का?

बहुतेक वेळा नाही. उलट घुमणं वाढतं. ही अडचण बहुतेक कॉलेजांच्या सभागृहांत असते, म्हणून सविस्तर सांगतो.

हार्वर्ड विद्यापीठात १८९५ मध्ये एक नवं व्याख्यानगृह बांधलं आणि तिथे बोललेलं कुणाला कळेना. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राही. तेवढ्यात वक्ता दहा-बारा शब्द पुढे गेलेला असे. वॉलेस सॅबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञावर ते काम सोपवलं गेलं. त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या. ऑर्गनची नळी वाजवायची, ती थांबवायची आणि आवाज किती वेळात विरतो ते घड्याळ लावून मोजायचं. नंतर आणखी काही गाद्या ठेवायच्या आणि पुन्हा मोजायचं. त्यातून ध्वनिशास्त्राचा एक पायाभूत नियम सापडला. आवाज घुमण्याचा काळ खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो आणि आवाज शोषणाऱ्या पृष्ठभागाबरोबर कमी होतो. मीटरमध्ये मोजलं तर घनफळाला ०.१६ नं गुणायचं आणि एकूण शोषणानं भागायचं. उत्तर सेकंदांत मिळतं.

आपल्या सभागृहाला हा नियम लावून पाहा. समजा खोली २० मीटर लांब, १० मीटर रुंद, ५ मीटर उंच आहे. घनफळ १००० घनमीटर झालं. भिंती, छत आणि फरशी मिळून ७०० चौरस मीटर. प्लॅस्टर आणि फरशी जेमतेम पाच टक्के आवाज शोषतात, म्हणजे शोषण ३५. तेव्हा रिकाम्या खोलीत आवाज साधारण साडेचार सेकंद घुमेल. आता २०० माणसं येऊन बसली. प्रत्येक माणूस कपड्यांसकट अंदाजे अर्ध्या चौरस मीटरच्या थोडं आत शोषण करतो. शोषण १२५ च्या घरात जातं आणि घुमण्याचा काळ सव्वा सेकंदाच्या आसपास येतो. रिकाम्या सभागृहात दुपारी केलेला साउंड चेक संध्याकाळी फसतो तो यामुळेच. भाषणासाठी हा काळ एका सेकंदाच्या आत असलेला बरा, छोट्या वाद्यवृंदाला दीड सेकंदाच्या जवळ हवा.

म्हणून खर्चिक यंत्रणा घेण्याआधी मागच्या भिंतीवर जाड पडदे लावा, मोकळ्या जागेत सतरंज्या अंथरा आणि श्रोत्यांना पुढे बसवा. मोठ्या दोन स्पीकरऐवजी भिंतीकडेनं छोटे अधिक स्पीकर, कमी आवाजात आणि माणसांच्या दिशेनं लावले तर शब्द स्पष्ट येतात.

मग माईक नसला तरी चालेल?

व्याख्यानाला माईक हवाच. 'माझा आवाज पोहोचतो' असं वक्ते म्हणतात, पण ऐकायला कमी येणारा माणूस हात वर करून सांगत नाही. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यावर आवाज ६ डेसिबलनं उतरतो. हाच नियम वक्ता आणि माईक यांच्यातही लागू होतो. माईक तोंडापासून वीतभर अंतरावर असावा. वक्ता फळ्याकडे वळणार असेल तर कॉलरला लावायचा माईक द्या. प्रश्नांसाठी वेगळा फिरता माईक ठेवा, नाहीतर उत्तर सगळ्यांना ऐकू येतं आणि प्रश्न कुणालाच नाही.

छोट्या खोलीतली मैफल मात्र शक्य तिथे माईकशिवाय करून पाहा. संगीतकार शूबर्टची गाणी मित्रांच्या दिवाणखान्यांत गायली जात होती. सतारीची मींड किंवा व्हायोलिनचा हलका गज पंचवीस फुटांवरून थेट कानात येतो, तेव्हा छोट्या जागेचं मोल कळतं.

कलाकारांना आधी काय विचारावं?

किती जण येणार आहेत, बैठक कशी हवी, प्रत्येकाला किती माईक आणि मॉनिटर (कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून मंचावर ठेवलेले स्पीकर) लागतील, विजेची जोडणी कुठे हवी. गवयाला स्वर विचारा. पियानो असेल तर तो कार्यक्रमाच्या दिवशीच, वाद्य मंचावर जिथे ठेवायचं तिथे ठेवून जुळवून घ्या. आंतरराष्ट्रीय मानकात 'ए' हा स्वर ४४० हर्ट्‌झचा धरला आहे. बासरी किंवा क्लॅरिनेट सोबत असेल तर त्या वादकांना आपला स्वर पियानोशी जुळेल इतका वर-खाली करता येत नाही, म्हणून आकडा आधी ठरवा.

हवामानाकडे दुर्लक्ष होतं. तबल्याची शाई आणि पुडी, तानपुऱ्याचा भोपळा, व्हायोलिनचं लाकूड, सगळ्यांवर आर्द्रतेचा परिणाम होतो. वातानुकूलन असेल तर ते वाद्यं आत येण्याच्या तासभर आधी सुरू करा आणि मग त्याला हात लावू नका. ऐन मैफलीत ते बंद-चालू केलं, की वाद्यं उतरतात. आणि कलाकारांना वाद्यं लावायला शांत खोली द्या. तानपुरे नीट लागायला वेळ लागतो. तो वेळ कार्यक्रमातला नव्हे, आधीचा धरा.

रेकॉर्डिंग करता येईल का?

श्रोत्यांनी विचारल्याशिवाय करू नये. लेखक-कलावंतांच्या हक्कांसाठी १८८६ मध्ये झालेल्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात १९२८ च्या दुरुस्तीपासून लेखनाबरोबर व्याख्यानांनाही संरक्षण दिलेलं आहे, म्हणजे भाषणावर वक्त्याचा हक्क असतो. संगीतात रचनाकार आणि सादर करणारा, दोघांचेही हक्क येतात. कॉलेजनं चित्रीकरण करायचं असेल तर आमंत्रणाच्या वेळीच लेखी संमती घ्यावी आणि ते कुठे, किती काळ ठेवणार तेही लिहावं.

संमती मिळाली तर जरूर जतन करा. ब्लॅक माउंटनमधल्या त्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग नाही आणि हजर असलेल्यांच्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत. कॅमेरा नसला तरी तारीख, वक्ता, विषय आणि चार पानांचा वृत्तांत ग्रंथालयात ठेवायला काहीच लागत नाही.

मला ऐकू कमी येतं. आईला चाकाची खुर्ची लागते. सोय असेल का?

आधी कळवलंत तर पुष्कळ काही करता येतं. पुढची जागा राखता येते, भाषणाचा मसुदा किंवा स्लाइड्स छापून देता येतात. काही सभागृहांत श्रवणयंत्रात थेट आवाज पोहोचवणारी लूप यंत्रणा असते. यंत्र 'टी'वर ठेवायचं. सांकेतिक भाषेचे दुभाषे तासाभराच्या कार्यक्रमाला दोन लागतात, कारण ते साधारण वीस मिनिटांनी आलटून-पालटून काम करतात. चाकाच्या खुर्चीची जागा सोबतच्या माणसाशेजारी असावी, कोपऱ्यात एकटी नसावी. आयोजकांनी ही सोय फलकावर आधीच छापावी. ज्याला गरज आहे त्याला दर वेळी विचारायला लावू नये.

लहान मुलांना आणलं तर?

आणा, फक्त कडेची जागा घ्या. मूल कंटाळलं की थोडा वेळ बाहेर जाऊन परत या.

विद्यार्थ्यांची हजेरी सक्तीची करावी का? नाहीतर सभागृह रिकामं राहतं.

करू नये. सक्तीनं बसलेली दोनशे मुलं वक्त्याला दिसतात आणि त्यांच्यामुळे खरोखर ऐकायला आलेल्यांचंही लक्ष उडतं. व्याख्यान ही शिक्षा आहे हा समज एकदा बसला, की तो जाता जात नाही. त्याऐवजी चार विद्यार्थ्यांना कामात घ्या. वक्त्याशी पत्रव्यवहार करणं, त्याचं लेखन वाचून प्रश्न तयार करणं, परिचय करून देणं, ध्वनिव्यवस्था सांभाळणं. ते आपापल्या मित्रांना घेऊन येतात.

पंचवीसच माणसं आली तर खोली बदला. मोठ्या सभागृहात पांगलेले पंचवीस जण उदास दिसतात, ग्रंथालयात खुर्च्या अर्धगोलात मांडल्या की तेच पंचवीस जण भरगच्च बैठक होते. वक्त्याला हे आधी मोकळेपणानं सांगा. चांगल्या वक्त्याला जवळ बसलेले थोडे श्रोते आवडतात.

छोट्या कॉलेजाला मानधन परवडत नाही. फुकट बोलवावं का?

मानधनाचा आकडा पहिल्याच पत्रात लिहा, लहान असला तरी. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च कॉलेजनंच करावा. वादक साथीदारांचं मानधन मुख्य कलाकारापासून वेगळं ठरवावं आणि कार्यक्रमाच्या दिवशीच द्यावं. 'प्रसिद्धी मिळेल' हे कुणाच्याही कामाचं मोल नव्हे. पैसे कमी असतील तर शेजारच्या दोन-तीन संस्थांशी बोला. एका प्रवासात वक्त्याची तीन व्याख्यानं झाली, तर खर्च वाटला जातो. वर्षात दहा घाईचे कार्यक्रम करण्यापेक्षा चार नीट केलेले बरे.

मला एक वक्ता सुचवायचा आहे. कसं सुचवू?

कॉलेजच्या सांस्कृतिक समितीला किंवा ग्रंथपालांना लिहा. वक्त्याचं नाव, विषय, आणि तुम्ही त्यांना कुठे ऐकलंत किंवा वाचलंत, एवढं पुरे. प्रसिद्ध नावच हवं असं नाही. नदीची पातळी आयुष्यभर मोजलेला अभियंता, वाद्यं दुरुस्त करणारा कारागीर, जुने दस्तऐवज वाचणारी निवृत्त शिक्षिका यांच्याकडे तासभर सांगण्यासारखं भरपूर असतं आणि त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. कार्यक्रमपत्रिका सहसा सत्र सुरू होण्याच्या दोन-तीन महिने आधी ठरते, तेव्हा त्या बेतानं कळवा.